मांजराशिवाय एकशे दोन पायऱ्या

डोअर काउंटीत एका तळ्याच्या ओहोटीची वाट पाहत मी दोन तास दहा मिनिटं बसलो होतो.

तळ्याला ओहोटी येत नाही, हे मला आता ठाऊक आहे. माझ्या बाजूने एवढंच सांगतो, की माझं आजोळ अलिबागचं. समोर पाण्यात किल्ला दिसला की मामा म्हणायचा, "थांबा, ओहोटी लागू दे, मग चालत जाऊ." तेव्हा काठ, मध्ये थोडं पाणी, पलीकडे बेट आणि बेटावर उंच काहीतरी, एवढं दिसलं की अलिबागचा भाचा आपोआप बूड टेकतो. इथे तर सगळंच तसं होतं. विस्कॉन्सिनमधून मिशिगन सरोवरात अंगठ्यासारखं बाहेर आलेलं द्वीपकल्प, त्याच्या कडेला एक इवलंसं बेट, बेटावर पांढरंशुभ्र दीपगृह आणि मधल्या दगडी वाटेवर पोटरीभर पाणी.

"साडेअकरापर्यंत उतरेल," मी बायकोला ठामपणे सांगितलं.

"कशावरून?" मृणालने विचारलं.

मी आकाशाकडे बघितलं. "परवाच चतुर्थी झाली ना."

आमची ईरा तेव्हा नऊ वर्षांची. ती म्हणाली, "बाबा, इट्स अ लेक." मी तिला चंद्र आणि पाणी यांचं नातं नीट समजावून दिलं. दगड मांडून, आकृतीसह. आमच्या शेजारून लोक बूट हातात घेऊन खुशाल पाण्यातून पलीकडे जात होते. पंधरा-वीस मिनिटांनी एक ट्रॅक्टर गवताचे गठ्ठे ठेवलेल्या गाडीत माणसं भरून नेत होता. मला त्या सगळ्यांची कीव आली. थोडा धीर धरला असता, तर कोरड्या पायांनी गेले असते बिचारे.

दोन तासांनी पलीकडून एक बाई पाणी तुडवत आमच्या दिशेने आल्या. गुडघ्यापर्यंत दुमडलेली खाकी पँट, निळा व्हॉलंटियरचा शर्ट, कानात मोत्यांच्या कुड्या आणि पांढऱ्या केसांचा एवढासा अंबाडा. सत्तरी ओलांडलेली. येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "वरून मघापासून बघतेय. कुणाची वाट बघताय?"

"ओहोटीची," मी म्हणालो.

त्यांनी सरोवराकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग मृणालकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं, "हा तुझ्याबरोबर आलाय, की इथेच सापडला?"

मृणाल हसता हसता वाळूत आडवी झाली. ईराला सगळं मराठी कळलं नाही, पण न्याय झाल्याचं कळलं. "इथलं पाणी वाऱ्याने हलतं रे, चंद्राने नाही," बाई म्हणाल्या. "ऊठ. बूट काढ. तुझ्या ओहोटीच्या नादात दिवा बंद व्हायचा."

ह्या कुमुदमावशी सामंत. दीपगृहाला त्या कधीच दीपगृह म्हणाल्या नाहीत, लाइटहाउसही नाही. दिवा. "आज दिव्यावर गर्दी होती." "दिव्याला रंग काढायचाय." नवख्या माणसाला वाटावं, ह्यांच्या देवघरातलीच गोष्ट चालली आहे.

कोकणातलं समुद्राकाठचं गाव, तिथून लग्न होऊन थेट ग्रीन बे शहरात. तिथल्या एका चीजच्या कारखान्यात तीस वर्षं प्रयोगशाळेत नोकरी. "जंतू मोजायचे," त्या सांगायच्या. "चांगले वेगळे, वाईट वेगळे. माणसांपेक्षा सोपं काम." त्यांचे यजमान, सामंतकाका, ह्यांना पाण्याची भयंकर भीती. दर रविवारी बायकोला द्वीपकल्पाच्या कुठल्या ना कुठल्या टोकाला गाडीने आणायचे आणि स्वतः काचा वर करून गाडीत पेपर वाचत बसायचे. काका गेले, मावशी निवृत्त झाल्या, ग्रीन बेचं घर विकून द्वीपकल्पावरच एक लहानसं घर घेतलं आणि दिव्यावर व्हॉलंटियर झाल्या. सीझनमध्ये आठवड्यातले चार दिवस. काम काय, तर लोकांना घेऊन एकशे दोन पायऱ्या चढायच्या, वर सगळं दाखवायचं, आणि परत आणायचं.

त्यांचं मराठी देश सोडला त्या वर्षी जसं होतं तसंच राहिलं होतं. माझ्यासारखा माणूस "मावशी, प्लॅन कॅन्सल केला" म्हणाला की त्या म्हणत, "रहित केलास म्हण की." त्याच तोंडाने पुढच्या क्षणी कोणा अमेरिकन आजोबांना 'हो तर!' या अर्थाने अस्सल विस्कॉन्सिनी हेल काढून "ओ यू बेचा!" म्हणायच्या. दोन्ही भाषा त्यांच्या तोंडी शेजारणींसारख्या नांदत होत्या, आणि कोणी कोणाकडे साखर मागायला जात नव्हती.

पायऱ्या चढताना कोणी प्रश्न विचारलेला त्यांना खपत नसे. "वर जाऊन मग बोला," हे त्यांचं वाक्य मराठी-इंग्रजीत मिळून दिवसाला पन्नास वेळा व्हायचं. घरच्या गोष्टींतही ते लागू होतं. मृणालने एकदा नोकरी सोडू की नको म्हणून त्यांचा सल्ला विचारला, तर म्हणाल्या, "आधी सहा महिने कर. वर जाऊन मग बोल."

त्या पहिल्या दिवसापासून आमचं दर उन्हाळ्यात दोन-तीनदा तरी जाणं सुरू झालं. शिकागोच्या आमच्या उपनगरातून चार-पाच तासांचा ड्राइव्ह. निघण्यापूर्वी डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी दुकानांत जाऊन मावशींची यादी भरायची: नारळ, जाडे पोहे, तांदळाचं पीठ, कोकमाचं आगळ. आगळ जास्तच लागायचं. का, ते मला पहिल्या फिश बॉइलला कळलं.

फिश बॉइल म्हणजे तिथला मोठा सोहळा. अंगणात जाळ, जाळावर हंडा, हंड्यात खारं पाणी, बटाटे, कांदे आणि मासा. "मासा उकडून खातात रे," मावशी मला आधीच हळहळून सांगत होत्या. "हळद नाही, तिरफळ नाही, काही नाही. आजाऱ्याला देतात तसा." शेवटी आचारी जाळावर डबाभर रॉकेल फेकतो, भसकन ज्वाळा उठते, हंडा उतू जातो आणि लोक टाळ्या वाजवतात. ही शेवटची पायरी मला कोणी सांगितली नव्हती. ज्वाळा उठल्याबरोबर मी "आग! मावशी, पळा!" असं ओरडून त्यांना दंडाला धरून मागे खेचलं, आणि मीच थेट एका वृद्ध जोडप्याच्या टेबलावर. तीन ताटं, एक चेरीचा गोड 'पाय' आणि वितळलेल्या लोण्याची वाटी माझ्या अंगावर. मावशी मात्र उभ्याच. कोपराजवळचा शर्ट झटकत त्या जोडप्याला म्हणाल्या, "सॉरी हं. ही इज फ्रॉम शिकागो." ते दोघं लगेच समजुतीने हसले. नवी ताटं आल्यावर पर्समधून आगळाची लहानशी बाटली काढून मावशींनी स्वतःच्या माशावर चार थेंब टाकले, त्या जोडप्याच्याही टाकले. म्हाताऱ्याने एक घास खाल्ला आणि बाटलीकडे बघत राहिला. पुढच्या वर्षी त्याच्यासाठी एक बाटली वेगळी आणावी लागली.

मावशींच्या जुन्या मरून मिनीव्हॅनमध्ये चटई, दुर्बीण, थालीपिठांचा डबा आणि एक घडीचं स्टूल कायम असायचं. नव्याने आलेली मराठी पोरं, कुणाचे देशातून आलेले आईवडील, सगळ्यांना त्या व्हॅनमधून फिरवायच्या. आधी एखादा पार्क, चुनखडीच्या कड्यावरचा, जिथे देवदारासारखी झाडं दगडातून वाकडी उगवलेली. तिथे चटई टाकून थालीपीठ आणि चेरीचं लोणचं. सोबत ताज्या चीजचे गोळे. ते दाताखाली चुंईचुंई वाजले तरच ताजे, नाहीतर मावशी पिशवी परत करायला दुकानात जायच्या. मग दिवे. आणि हवा शांत असली, तर बुडालेली जहाजं.

द्वीपकल्पाच्या टोकाला जी सामुद्रधुनी आहे, तिला जुन्या दर्यावर्दींनी मृत्यूचं दार म्हटलं होतं. 'डोअर' ते हेच दार. त्या पाण्यात आणि आसपास कितीतरी जहाजं तळाला आहेत. काही इतक्या उथळ पाण्यात, की वर होडीत बसून खाली बघितलं तर लाकडी बरगड्या दिसतात. मावशींनी मला कायाकमध्ये पुढे बसवलं, त्या मागे. मी उत्साहाने वल्हवायला लागलो आणि दहा मिनिटं आम्ही एकाच जागी गोल फिरलो.

"तू वल्हं ठेव," मावशी म्हणाल्या. "नुसता बस. प्रवासी म्हणून."

त्यांनी एकटीने नेलं. आम्ही बुडालेल्या जहाजाच्या वर पोचलो. पाणी इतकं नितळ, की खालच्या एकेका खिळ्याचं डोकं दिसत होतं. मावशींनी वल्हं आडवं ठेवलं आणि हात जोडले. "लोकांचं घर आहे हे," एवढंच म्हणाल्या. मी पण हात जोडायला पुढे वाकलो, आणि शर्टाच्या खिशातली आमच्या गाडीची किल्ली सुळकन पाण्यात. चमकत चमकत गेली, आणि दोन बरगड्यांच्या मधोमध जाऊन बसली.

मी हळूच मागे बघितलं. मावशींचे हात अजून जोडलेलेच होते, पण खांदे हलत होते.

"काढता येईल का हो?"

"छे. बुडालेल्या जहाजावरचं काही उचलायचं नाही. कायदा आहे." त्यांनी डोळे पुसले. "शंभर वर्षांनी कोणीतरी शोधून काढेल आणि म्हणेल, ह्या जहाजावर मोटारगाडी होती."

दुसरी किल्ली घेऊन मृणालची मैत्रीण शिकागोहून येईपर्यंत आम्ही मावशींच्याच घरी. त्या संध्याकाळी त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या गावाजवळही दिवा होता. वर्षातून एकदा लोकांना वर सोडायचे. त्यांचे दोघे भाऊ वर गेले, ह्यांना खालीच बसवलं. का, तर मुलीला चक्कर येईल. "मग मी काय केलं, सांग."

"काय?"

"खाली बसून भावांच्या चपला सांभाळल्या." मावशी हसल्या. "आता किल्ली माझ्याकडे असते. एकही पोर खाली सोडत नाही मी. तुझ्यासारखी घोडी सोडून."

हे बोलणं मला लागायला हवं होतं, कारण इथे माझं एक गुपित आहे. त्या दिव्यावर मी कधी वर गेलोच नव्हतो. मला उंचीची भीती वाटते. आधीची वर्षं मी कधी फोटो काढायला, कधी पर्सा सांभाळायला, एकदा तर 'खालून दिव्याचा फील वेगळाच येतो यार' म्हणून खाली थांबलो होतो. मृणालला वाटायचं, आळस. मावशींना पहिल्याच वर्षी कळलं होतं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. उलट लोकांसमोर म्हणायच्या, "हा खाली हवाच. कोणीतरी जबाबदार माणूस पाहिजे."

खाली थांबल्यामुळे मला एक गोष्ट कळली, जी वर जाणाऱ्यांना कळत नव्हती. मनोरा आतून विहिरीसारखा. वरचा शब्द न् शब्द खाली येतो. मावशी पायऱ्या मोठ्याने मराठीत मोजत चढायच्या, मागून पर्यटक जमेल तसे मोजायचे. चौसष्टाव्या पायरीवर एक खिडकी आहे. तिथे मावशी थांबायच्या आणि समोरच्या पाण्यात बुडालेल्या एका जहाजाची गोष्ट सांगायच्या. पहिल्या वर्षी ही गोष्ट मिनिटभराची होती: वादळ, खडक, दिव्याच्या रखवालदाराने वाचवलेले खलाशी. दुसऱ्या वर्षी कप्तानाची बायको आली. तिसऱ्या वर्षी जहाजावर मांजर आलं. चौथ्या वर्षी त्या मांजराला वादळातच पिल्लं झाली, आणि प्रत्येक पिल्लाचा रंग सांगून होईपर्यंत खाली माझा चहा निवायचा.

मांजर कुठल्याही कागदपत्रात नव्हतं. मावशींचा उजवा गुडघा जसजसा दुखायला लागला, तसतसं जहाजावर वजन वाढत होतं. पर्यटक त्या मांजरावर खूश. मावशींना दम खायला वेळ.

आता माझी खरी चूक. ती आधीच्यांसारखी निरुपद्रवी नव्हती.

मावशींचा मुलगा निखिल टेक्ससमध्ये, फ्रिस्कोला असतो. इथेच जन्मलेला, सज्जन माणूस. आई एकटी, थंडीत सगळं गोठलेलं, आणि पाचव्या वर्षी मार्चमध्ये घरासमोरच्या बर्फावर घसरून पडलेली. त्याला ती आपल्याजवळ हवी होती. त्याने घरात तिच्यासाठी खोलीसुद्धा तयार ठेवली होती. मावशी म्हणायच्या, "चांगली आहे रे खोली. पण खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते." शेवटी मायलेकांत करार झाला होता: जोवर मावशी दिवा चढतात तोवर त्या इथे, ज्या वर्षी चढता येणार नाही त्या वर्षी फ्रिस्को.

तर मावशींनी आपत्काळात कळवायचा माणूस म्हणून सगळीकडे माझं नाव दिलं होतं. जवळचा मराठी माणूस म्हणून. मी जवळ म्हणजे साडेचार तासांवर, पण ते असो. एप्रिलमध्ये निखिलचा फोन आला. "हाऊ इज आई, रिअली?" मी दिलखुलास माणूस. मला वाटलं, मुलाला जरा हसवू. मी त्याला मांजराची गोष्ट सांगितली. पिल्लांच्या रंगांसकट. "काय डोकं आहे यार तुझ्या आईचं! दम लागला की एक पिल्लू!"

पलीकडे कोणी हसलं नाही. "सो शी कान्ट मेक इट विदाऊट स्टॉपिंग," निखिल म्हणाला.

दोन दिवसांनी मावशींचा फोन. सीझन सुरू होताना सगळे व्हॉलंटियर एकदा मनोरा चढतात आणि त्यांची प्रमुख कॅरल किल्ल्या देते, तशी तिथली पद्धत. निखिल त्या दिवसासाठी खास येणार होता. त्याची अट एकच: मांजराशिवाय चढायचं. खिडकीत थांबलं, तर फ्रिस्को.

मावशी रागावल्या नव्हत्या, ते जास्त वाईट होतं. "तुझं चार वर्षं झाकलं मी," त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि तू माझं एका फोनवर उघडं केलंस?"

मी मूर्ख माणसाला सुचतं ते केलं. म्हणालो, "मी येतो तुमच्या मागे. वरपर्यंत."

"येऊन काय करशील?"

"पडलात तर धरीन."

"ये," मावशी म्हणाल्या. "करमणूक होईल."

मेमधला तो शनिवार. हवा थंड, पाणी पोटरीभर. मावशींनी पँट दुमडली, गुडघ्याला पट्टा बांधला, कुड्या नीट केल्या. निखिल हात बांधून उभा. तो व्यायाम करणारा, पण चेहरा आजारी माणसासारखा. आईने हरावं असं त्याला वाटत होतं आणि हरलेलं बघवणारही नव्हतं. कॅरल ही शाळेची बस चालवून निवृत्त झालेली उंच बाई. तिला कराराबद्दल काही माहीत नव्हतं. तिला वाटलं, मावशींचं कुटुंब कौतुकाने आलं आहे.

ईरा तोवर तेरा वर्षांची झालेली. ती सगळ्यांच्या आधी वर पळाली. मग मावशी, त्यांच्या मागे मी, माझ्या मागे निखिल, शेवटी कॅरल. मृणाल खाली. म्हणाली, "आज जबाबदार माणूस मी."

"एक," मावशींनी सुरुवात केली. "दोन."

पायऱ्या लोखंडी, जाळीच्या. कोणत्या शहाण्याने जाळीच्या केल्या, देव जाणे. पायाखाली बघितलं की पुढचं पाऊल दिसतंच, शिवाय मागचं सगळं आयुष्यही दिसतं. मी वर बघत राहिलो. चाळीस. पन्नास. मावशींचा आवाज जड व्हायला लागला. साठ. खिडकीतून उजेडाची तिरीप आली.

"चौसष्ट."

आणि मग काहीच नाही. खिडकीतून पाणी दिसत होतं, लखलखीत, आणि त्या पाण्यात कुठेतरी ते मांजर वाट बघत होतं.

"पासष्ट."

निखिल पुटपुटला, "ओ, आई." त्यात काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी त्याचा चेहरा बघायला मागे वळलो.

मागे वळायचं नसतं. जाळीतून थेट तळ दिसला. तळाशी मृणालचं टाळकं, एका बटणाएवढं. एक्याऐंशीव्या पायरीपर्यंत मी कसा पोचलो ते आठवत नाही. तिथे मी मधल्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि डोळे मिटले. वरून आवाज येत होता: नव्वद, पंच्याण्णव. "शंभर दमाच्या, दोन बक्षिसाच्या," हे मावशींचं नेहमीचं वाक्य. मग एक खणखणीत "एकशे दोन!"

त्या पोचल्या होत्या. न थांबता. करार तिथे संपला होता. आणि मी जिन्यात बूच बसवल्यासारखा अडकून राहिलो होतो, माझ्यामागे निखिल आणि कॅरल.

वरून ईराचा आवाज: "मावशी, बाबा इज हगिंग द पोल."

मग लोखंडावर पावलं. खाली येणारी. दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जास्त जड, हे मला त्यांनीच एकदा सांगितलं होतं. त्या शिडीवरून उतरतात तशा उलट्या, कठडा धरून, एकवीस पायऱ्या खाली आल्या.

"काय रे?"

"काही नाही. जरा बघतोय."

"डोळे मिटून?"

मी एक डोळा उघडून लगेच परत मिटला.

"तो खांब सोड. तुझ्या आधीपासून उभा आहे, तू सोडलास तरी राहील. सोड. हं. आता माझी टाच बघ. दुसरं काही बघू नको." आणि त्या चढायला लागल्या. समोर माझ्या नाकाशी सँडलमधली ती टाच, भेगाळलेली, एका बाजूला चिकटलेली वाळू. "तर काय झालं," मावशी म्हणाल्या, "त्या जहाजावर एक मांजर होतं."

मागून निखिल ओरडला, "आई! नो कॅट!"

"माझ्यासाठी नाहीये ते," मावशी मागे न बघता म्हणाल्या. "ह्याच्यासाठी आहे."

पहिलं पिल्लू काळं होतं. दुसरं काळं-पांढरं. तिसरं कप्तानाच्या दाढीसारखं तांबूस. पाचव्या पिल्लाला वारा लागला, कारण आम्ही वर पोचलो होतो.

वर काय दिसतं ते मी सांगणार नाही, कारण कठड्याकडे पाठ करून, भिंतीला चिकटून मला जेवढं दिसलं, ते म्हणजे माणसं. ईरा हसत होती. कॅरल मावशींना सांगत होती, की घाबरलेल्या पाहुण्याला असं वर आणणं तिने आजवर बघितलं नाही, नव्या व्हॉलंटियरना हे शिकवायला हवं. निखिल कठड्याला धरून पाण्याकडे बघत होता. त्याला धाप लागली होती.

"आता बोला," मावशी त्याला म्हणाल्या.

त्याने आधी दम खाऊन घेतला. मग म्हणाला, "ओके आई. पण विंटरमध्ये ड्राइव्हवेवर सॉल्ट टाकायला मी माणूस ठेवणार. नो आर्ग्युमेंट."

"ठेव. चहा देईन त्याला."

कॅरलने किल्ली दिली. किल्लीला बुचाच्या लाकडाचा एक जाड तुकडा बांधलेला असतो, पाण्यात पडली तरी बुडू नये म्हणून. मावशींनी ती माझ्या डोळ्यांसमोर धरून हलवली. "बघ. पाण्याजवळची किल्ली अशी असते. तरंगणारी."

त्यानंतर मावशींनी आणखी तीन सीझन केले. खिडकीत थांबायची त्यांना आता मोकळीक होती. मांजराला नातवंडं झाली. मी दर वेळी चढलो, पण त्यांच्याच मागे, टाचेवर नजर ठेवून. दुसऱ्या कोणाच्या मागे मला अजून जमत नाही.

तिसऱ्या सीझनचा शेवटचा दिवस ऑक्टोबरातला. मावशी वर गेल्या, खाली आल्या, किल्ली रुमालाने पुसून कॅरलच्या हातात दिली आणि निखिलला फोन केला, "ये न्यायला." त्याने विचारलं नव्हतं, कोणी सुचवलंही नव्हतं. मी काही बोलायच्या आत मला म्हणाल्या, "रडायचं नाही. दिवा मी सोडला, कोणी काढून घेतला नाही. फरक आहे त्यात." आता त्या फ्रिस्कोला असतात. तिथल्या पाण्याच्या टाकीवर चढू देतात का, याची चौकशी त्यांनी पहिल्याच आठवड्यात केली होती, असं निखिल सांगतो.

पण माझ्या डोळ्यांसमोर राहिल्या आहेत त्या निघायच्या दिवशीच्या. दिव्याला एकदा नमस्कार करायला म्हणून निखिलने त्यांना बेटावर आणलं. वारा सुटलेला, त्याने वाटेवर गुडघाभर पाणी लोटलेलं. म्हणून परतताना मावशी ट्रॅक्टरच्या गाडीत, गवताच्या गठ्ठ्यावर ताठ बसलेल्या, निळाच शर्ट, कुड्या, मांडीवर थालीपिठांचा डबा, शेजारी निखिल. मागे पांढरा मनोरा. हे चित्र हवंच म्हणून मी फोन काढला आणि पाण्यातून गाडीच्या मागे मागे व्हिडिओ काढत चाललो. "मावशी, इकडे बघा! हात करा!"

त्यांनी हात केला. मी एक पाऊल मागे घेतलं, शेवाळलेल्या दगडावर पाय गेला, आणि मी कमरेपर्यंत पाण्यात बसलो. फोन गेला किल्लीच्या वाटेने. गाडीतल्या बारा-पंधरा अनोळखी माणसांनी "ओऽऽ" केलं. ट्रॅक्टर थांबला नाही. तो काठाकडे निघून चालला, आणि गठ्ठ्यावरून, त्या वाऱ्यातही मला लख्ख ऐकू येईल अशा आवाजात, मावशी ओरडल्या:

"बस तिथेच! ओहोटी येईल!"